लोड काढू नका, मॉर्फिनच्या गोळ्यांची पट्टीही लपवू नका

'फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये झोप का येत नाही? डॉक्टर सांगणार नाहीत!' हा फॉरवर्ड सध्या आमच्या यवतमाळकडच्या ग्रुपांवर फिरतोय. फिरो बापडा, म्हटलं असतं. पण तो दारव्ह्याला मोठ्या आईच्या मोबाईलवर गेला आणि तिनं मोठ्या बाबांच्या पाठीमागचे दोन्ही लोड काढले. कारण त्यात लिहिलंय, 'सपाट झोपवा, फुप्फुसं मोकळी होतात.'

काय मोकळी होतात बाप्पा! मोठ्या बाबांचा कॅन्सर पसरलेला, उजव्या फुप्फुसाभोवती पाणी साचलेलं. असा माणूस सपाट आडवा झाला की पोटाचा दाब वर येतो आणि श्वास आणखी कोंडतो. मोठे बाबा रात्रभर बाजेवरून पाय खाली सोडून, मांडीवरच्या उशीवर कोपरं टेकून बसले होते. मान पडायची, खोकल्याची उबळ यायची, परत जागे. पाठीला लोड, त्यावर गोधडीची घडी, असं अर्धवट बसतं ठेवायचं असतं. तोंडावर हलका वारा आला तरी धाप कमी वाटते, म्हणून हातात धरायचा छोटा पंखा देतात. लाईन गेली तर पुठ्ठा घ्या. धाप एकाएकी वाढली तर मात्र दवाखाना गाठा. पाणी वाढलं असेल तर सुईनं काढता येतं.

पुढचा मुद्दा याहून घातक. 'मॉर्फिन सुरू झालं म्हणजे माणूस संपला.' मॉर्फिन म्हणजे जोरदार दुखणं थांबवणारं औषध, त्याची साधी गोळी असते. डॉक्टरांनी बेतानं ठरवलेल्या छोट्या डोसानं दुखणं उतरतं, धापही कमी होते. पोट धरतं, म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध असतं. कित्येक रात्री तळमळलेल्या माणसाला दुखणं थांबल्यावर गाढ झोप लागते, तर शेजारी म्हणतात, गेला गुंगीत! हाका मारूनही जागा होत नसेल, श्वास फार मंदावला असेल तर लगेच डॉक्टर. पण म्हणून गोळ्यांची पट्टी डब्यात लपवायची?

'पॅलिएटिव्हकडे पाठवलं म्हणजे हात वर केले' हेही त्यातलंच. पॅलिएटिव्ह म्हणजे दुखणं, धाप असा त्रास कमी करणारी सेवा. 2010 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांचा अभ्यास आला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह सेवा मिळालेल्यांचं जगणं सुसह्य झालं, उदासी कमी राहिली; आणि त्यांच्यातले निम्मे 11.6 महिन्यांहून जास्त जगले, बाकीच्यांतले निम्मे 8.9 महिन्यांहून. आता बोला.

मॉर्फिनऐवजी फॉरवर्डवाला काय सुचवतो? 'दुकानातून झोपेची गोळी आणा, नाहीतर दुधात अख्खं जायफळ.' झोपेच्या गोळीनंही श्वास मंदावू शकतो, मॉर्फिनसोबत तर जास्तच. अख्ख्या जायफळानं छाती धडधडते, भलतंसलतं दिसायला लागतं. चिमूटभराची गोष्ट वेगळी.

'सगळा चिंतेचा खेळ आहे.' चिंता असतेच, पण खोकला काय चिंतेनं येतो?

एक मुद्दा मात्र नाइलाजानं मान्य. स्टेरॉइडनं झोप उडते, हे खरं आहे. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोळी संध्याकाळी घेतली की पेशंट रात्री टक्क जागा. पण 'लगेच बंद करा' हा सल्ला धोक्याचा. एकदम थांबवलं तर तब्येत ढासळू शकते. वेळ सकाळची करता येईल का, एवढंच डॉक्टरांना विचारायचं. त्याला एक फोन पुरतो, आणि तो फोन मोठ्या आईनं नाही, भावानं करायचा आहे.