गिअर मोजण्याआधी मागचा हब बघा

छोटूच्या डोक्यात बारा हा आकडा पक्का बसला होता. त्याने दोन हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेल्या डोंगरी सायकली, निवडून आणल्या होत्या, दोन्ही त्याच्या बजेटमध्ये काठोकाठ बसणाऱ्या. एकीला मागे बारा गिअर, दुसरीला नऊ. "सारख्याच पैशात तीन गिअर कमी असलेली सायकल कोण घेईल?" एवढाच त्याचा प्रश्न, आणि त्यावर संध्याकाळभर कट्टा पेटला.

मास्तरांना दोन्ही नको होत्या. "आहे ती काय वाईट आहे? चांगला फोर्क टाक, पुढच्या चाकाचा हादरे झेलणारा चिमटा, गिअर बदल. जमेल तसा एकेक भाग घेत जा, एकदम खड्डा पडत नाही खिशाला."

अण्णांनी आयुष्यभर सायकली उघडल्यात. ते काही बोलले नाहीत, उठले आणि छोटूची सायकल जवळ ओढली. मागची रिम दोन बोटांत धरून आडवी हलवली, टायर एकदा डाव्या नळीकडे, एकदा उजव्या नळीकडे. "हात लाव इथे," म्हणाले. छोटूने हात लावला तर प्रत्येक वेळी आतून बारीक टक् जाणवत होती. अण्णांनी नट सोडून चाक काढलं आणि एक्सल, म्हणजे मधल्या हबमधून जाणारा दांडा, बोटांनी फिरवला, तर त्याचं टोक सरळ न फिरता चक्क गोल घेत होतं.

"वाकलाय," अण्णा म्हणाले. "हा फ्रीव्हीलचा हब. दात्यांचा गठ्ठा हबवर आट्यांनी चढतो, आणि उजव्या बाजूचे छर्रे राहतात त्याच्या आत, लांब. तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सल नुसता अधांतरी. दगडावर आपटलास की सगळा भार त्या तुकड्यावर. कॅसेटच्या हबमध्ये, म्हणजे जिथे चकत्या आट्यांऐवजी खाचांवर सरकवून बसवतात, फ्रीहब असतो, त्याचं बेअरिंग पार बाहेरच्या टोकाशी, म्हणून एक्सलला आधार मिळतो. आता बोला मास्तर, या चाकावर नवे गिअर चढवायचे?"

"हब बदलू की."

"म्हणजे चाकच बदलायचं. आणि फोर्क? हिची हेडट्यूब, फोर्कचा दांडा जातो ती फ्रेमची पुढची नळी, सरळ आहे, वर-खाली सारखीच, एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाच्या दांड्यासाठी. आजच्या चांगल्या फोर्कचा दांडा वर एक पूर्णांक एक अष्टमांश आणि खाली दीड इंच. तो हिच्यात जाणारच नाही. जाणारा शोधलास तरी पुढचा एक्सल पंधरा मिलिमीटरचा निघाला की पुढचं चाकही गेलं. फोर्क, दोन चाकं, गिअर, ब्रेक सुटे घेऊन बेरीज कर. कंपनी हेच भाग घाऊक घेते, तू एकेक किरकोळीत घेणार."

मला इथे अण्णांचं पूर्ण पटतं, पण मास्तरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कच्च्या सपाट रस्त्यावर फिरायचं असेल, तर जुन्या सायकलला नवे टायर आणि ब्रेकचे नवे पॅड एवढं खरंच पुरतं. छोटूला दगडी उतार हवेत. तिथे ही फ्रेम त्याला पुढे जाऊ देणार नाही.

मग ताई बोलायला लागली, आणि विषय फोर्कवर गेला. बारा गिअरवालीला स्प्रिंगचा फोर्क होता, नऊवालीला हवेचा. छोटूचं म्हणणं, दोन्ही दबतात, फरक काय?

"फरक तुझ्या वजनात आहे," ताई म्हणाली. "स्प्रिंग कारखान्यात एका मधल्या वजनाचा माणूस धरून बसवतात. मी बसले की ती अर्धीसुद्धा दबत नाही, सगळे हादरे मनगटात येतात. अण्णा बसले की ती तळाला आपटते. वरची चकती फिरवून ती मऊ किंवा कडक होते असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. सुरुवातीचा ताण तेवढा बदलतो, स्प्रिंग तीच राहते. हवेच्या फोर्कमध्ये मी माझ्या वजनाला लागेल तेवढी हवा भरते आणि संपलं."

तिने स्वतःच्या सायकलच्या फोर्कवरची रबरी रिंग खाली सरकवून ठेवली, नेहमीच्या बॅगेसकट अलगद वर बसली, उतरली आणि रिंग कुठवर गेली ते दाखवलं. एकशेवीस मिलिमीटरच्या फोर्कवर चोवीसच्या आसपास, म्हणजे वीस टक्के. खूप कमी सरकली तर हवा सोडायची, जास्त सरकली तर भरायची. त्यासाठी शॉकचा वेगळा हातपंप लागतो. टायरच्या पंपाने हे होत नाही, कारण जागा इतकी छोटी की नळी काढतानाच दाब निघून जातो.

"पण एक सांगते," ती पुढे म्हणाली, "हवेचा फोर्क घेतलास तर तो सांभाळावा लागेल. रॉकशॉक्ससारख्या कंपन्या सांगतात की पन्नास तास चालवल्यावर फोर्कच्या खालच्या नळ्या उतरवून साफ करा, तेल बदला. वर्षानुवर्षं न उघडलेला हवेचा फोर्क साध्या स्प्रिंगपेक्षा वाईट चालतो."

हे सायकल घेताना फार कमी जण ऐकतात. घेण्याच्या किमतीबरोबर सांभाळण्याचा खर्चही बजेटमध्ये धरायला हवा.

छोटू मात्र गिअरवरून हलेना. "चढ कसा चढणार मी नऊमध्ये?"

आणि इथे मास्तरांनी बाजू बदलली. गणित दिसलं की त्यांना राहवत नाही. "मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला दाते किती?" बारावालीला पन्नास, नऊवालीला बेचाळीस. पुढे दोन्हींना बत्तीस. "भागाकार जितका लहान, तितका चढ हलका. बत्तीस भागिले पन्नास, शून्य पूर्णांक चौसष्ट. बत्तीस भागिले बेचाळीस, शून्य पूर्णांक शहात्तर. म्हणजे तुझी भीती खरी आहे, चढाला नऊवाली जड जाईल. आता पुढची चकती अठ्ठावीसची लाव. अठ्ठावीस भागिले बेचाळीस, शून्य पूर्णांक सदुसष्ट. जवळपास तेच."

"मग वरच्या वेगाला मार खाणार."

"खाणारच. मागच्या सगळ्यात छोट्या अकराच्या चकतीवर दोन पूर्णांक एक्क्याण्णवऐवजी दोन पूर्णांक पंचावन्न. डांबरी उतारावर पाय रिकामे फिरतील. दगडांवर तू त्या वेगाने पेडल मारणार आहेस का?"

अण्णांनी एक अट घातली: क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, अठ्ठावीसची चकती बसते का, ते आधी बघायचं. चार बोल्टच्या नेहमीच्या क्रँकवर, जिथे बोल्टचं वर्तुळ एकशेचार मिलिमीटरचं असतं, साधारण तीस दात्यांच्या खाली जाता येत नाही. थेट क्रँकवर बसणारी चकती असेल तर अडचण नाही. दुसरं, स्वस्त बारा स्पीडमध्ये चकत्या इतक्या जवळ की हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर लटकतो ती पट्टी, जरा वाकला की गिअर कुरकुरायला लागतात; नऊमध्ये तेवढं वाकणं चालून जातं. आणि डिरेलरला क्लच आहे की नाही ते बघ म्हणाले, कारण पुढे एकच चकती असताना खडबडीत उतारावर साखळी ताठ ठेवायला तो लागतो.

ब्रेकवर फार वाद झाला नाही. दोन्हींना हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, डिस्क होत्या, आणि आज या पातळीवर केबलच्या डिस्कवर समाधान मानायचं कारण नाही. अण्णांनी फक्त जुनी गोष्ट काढली: कॅलिफोर्नियात मरिन काउंटीत 1976 मध्ये डोंगरउताराच्या ज्या शर्यती सुरू झाल्या, तिथे जुन्या जाड टायरच्या सायकलींना मागच्या हबमध्येच ब्रेक असायचा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली पोचलं की हब उघडून नवं ग्रीस भरायचं. त्या उताराचं नावच त्यावरून रीपॅक पडलं. "ब्रेक आणि हब, माउंटन बायकिंग तिथून सुरू झालंय," अण्णा म्हणाले, "आणि तू गिअर मोजत बसलास."

मग मी माझं म्हणणं मांडलं. गिअर बदलता येतात, ब्रेक बदलता येतात, फोर्कसुद्धा बदलता येतो. फ्रेम बदलता येत नाही. म्हणून कमी पैशात घेताना फ्रेमवर जे कायमचं कोरलेलं आहे त्यालाच पैसे द्यावेत. नऊवालीच्या फ्रेमला निमुळती हेडट्यूब आहे, मागे बारा मिलिमीटरचा आरपार एक्सल, एकशे अठ्ठेचाळीस मिलिमीटर रुंदीचा हब. उद्या तिच्या मापाची आजची बहुतेक चांगली चाकं आणि फोर्क तिच्यात बसतील. बारावालीला मागे क्विक रिलीज, म्हणजे खटक्याने सुटणारा बारीक एक्सल, हेडट्यूब सरळ. ती आज जशी आहे तशीच राहणार. हेडट्यूबचा कोनही बघा: नऊवालीचा सहासष्ट अंश, बारावालीचा सत्तरच्या जवळ. कोन कमी म्हणजे पुढचं चाक पुढे, आणि तीव्र उतारावर ते जितकं पुढे, तितकं डोक्यावरून जाण्याचं भय कमी.

"आणि साइज," ताई मध्येच म्हणाली. "तुझ्या मापाची नसेल तर हे सगळं फुकट. सीटची उंची नंतर बदलते, रीच, म्हणजे फ्रेमची पेडलपासून हँडलकडची लांबी, बदलत नाही. उभा राहून चालवून बघ, गुडघा हँडलला लागतो का ते."

वापरलेली सायकल घेण्याचाही विषय निघाला. मला तो मार्ग आवडतो, पण सोबत अण्णांसारखा माणूस हवा. हेडट्यूबच्या वेल्डिंगला केसासारखी चीर, फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर नखाला लागणारा ओरखडा, साखळी किती ताणली आहे, हे ज्याला बघता येत नाही त्याने नवी घ्यावी. छोटूला अजून बघता येत नाही.

शेवटी छोटू नऊवर आला, पण लगेच नवा वाद: पुढे पैसे जमले की पहिलं काय? ताईचं मत, खाली-वर होणारी सीटपोस्ट, उतारावर मोकळं हलता येतं. अण्णांचं मत, टायर, आणि तेही ट्यूबलेस करून. मी टायरच्या बाजूने आहे. ट्यूब असताना कमी हवेवर दगडाची कड बसली की ट्यूबला दोन भोकं शेजारीशेजारी पडतात, म्हणून माणूस हवा जास्त भरतो आणि पकड जाते. ट्यूब काढली की हवा उतरवता येते, आणि मागून हादरे झेलायला हार्डटेलकडे टायरशिवाय दुसरं आहेच काय? ताईला पटलं नाही. तिने छोटूला एवढंच बजावलं की पैसे देण्याआधी सीटट्यूबमध्ये त्या सीटपोस्टची केबल आत न्यायला भोक आहे का आणि नळीचं माप किती आहे ते बघून ये, म्हणजे तिचं म्हणणं पुढच्या वर्षी तरी ऐकता येईल.