खाजं कुणाचं? मालवणच्या वाचकाला उत्तर

उत्तराला उशीर झाला, माफ करा. खाज्यावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. खाजं, म्हणजे जत्रेतला तो गुळात घोळवलेला बेसनाचा खाऊ, मालवणातही पिढ्यान्‌पिढ्या होतं, मग गोव्याने त्यावर जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) शिक्का मारावाच का? आणि असल्या कागदांनी जत्रेतल्या खाजेकाराच्या पदरात काय पडतं?

पहिल्यात चूक माझी. 'खाजं आता गोव्याचं झालं' हे मी उत्साहाच्या भरात लिहून गेलो. नोंद झाली आहे ती 'गोवन खाजे' या नावाची. नुसता 'खाजे' हा शब्द सगळ्यांचाच. पाककृतीही कुणाच्या नावावर झालेली नाही, तुम्ही 'मालवणी खाजे' म्हणून खुशाल विका. 1999 चा जीआय कायदा (लागू झाला 2003 मध्ये) गाठ राखतो ती नावाची आणि गावाची. दूरच्या कुठल्या कारखान्यात बनवून पुड्यावर 'गोवन खाजे' छापलं, तर तो गुन्हा. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि मालवणकरांना चेन्नईच्या जीआय कार्यालयाचं दार बंद नाही, हेही लिहायला हवं होतं.

दुसरा आक्षेप मात्र लागला. गोव्यातल्या म्हार्दोळच्या जत्रेत एका बाईंकडे बराच वेळ उभा होतो. बेसनाच्या तळलेल्या कांड्या गुळाच्या पाकात पडल्या की त्या उलथण्याने नुसत्या खालीवर करत राहतात. आल्याचा वास नाकात झोंबतो, पाक सुकत जातो, आणि एका क्षणी कढईतला आवाजच बदलतो, चिकट होता तो खडखडीत होतो. तेव्हाच उतरवायचं, थोडं चुकलं की गोळा. जीआयबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "म्हाका कोणें सांगूंक ना." (मला कुणी सांगितलंच नाही.)

अडचण नेमकी इथे आहे. अर्ज करणारी संस्था नावाची नोंदणीकृत मालक होते, पण ते नाव कायद्याने वापरायचं तर प्रत्येक बनवणाऱ्याला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंद करावी लागते. ती नसेल तर नकली मालावर दावा ठोकायचा हक्क त्या बाईंना नाही. गोव्याच्या फेणी या दारूला नोंद मिळाली 2009 साली, बेबिंका या थरांच्या गोड पदार्थाला आणि मानकुराद आंब्याला 2023 मध्ये. दर वेळी पेपरात फोटो येतात (मीही तेव्हा टाळ्याच वाजवल्या), वापरकर्त्यांच्या यादीत किती जण आले हे कुणी विचारत नाही.

मूळ लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलंय. पुढच्या जत्रेला जाताना अर्जाचे कागद छापून नेणार आहे, भरून द्यायलाही बसेन.