सर, ते मुद्दामच आहे

आमच्या माध्यम विभागात विद्यार्थ्यांच्या शॉर्टफिल्मला गुण देताना एक रकाना भरावा लागतो : 'सैद्धांतिक चौकट, २० गुण'. हा रकाना कुणी घातला ते आता कुणी कबूल करत नाही. हेतू चांगला होता. पोरांनी नुसता कॅमेरा घेऊन टेकडीवर पळू नये, आपण दाखवतोय ते कसं आणि का दाखवतोय याचा थोडा विचार करावा, वर्षभर शिकलेले माध्यम-सिद्धांत स्वतःच्या फिल्मला लावून बघावेत, एवढीच अपेक्षा. पण पोरं हुशार. त्यांनी पहिल्या फटक्यात ओळखलं की सिद्धांत फिल्म करताना वापरायचा नसतो, फिल्म झाल्यावर वापरायचा असतो, आणि तोही बचावासाठी. तेव्हापासून आमच्याकडे कुणाची चूक म्हणून सापडत नाही. फोकस गेला? मुद्दाम. आवाज फाटला? मुद्दाम. नायकाचा शर्ट दाराबाहेर निळा आणि दाराच्या आत पिवळा? ते 'अस्मितेचं विखंडन' आहे, सर.

आधी फिल्मविषयी सांगतो. मराठी तरुणाच्या एकाकीपणाबद्दल मला जेवढी माहिती आहे तेवढी एखाद्या मानसोपचारतज्ज्ञालाही नसेल. हा एकाकीपणा मोबाइलच्या गजराने सुरू होतो. नायक गजर बंद करतो, कॉटवर बसून राहतो, दात घासताना आरशात बघतो. गॅसवरचा चहा उतू जातो. मग तो पुण्यातल्या तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर जाऊन पाठमोरा उभा राहतो, सूर्य मावळतो, पियानो वाजतो. शेवटी एकतर ते स्वप्न असतं, नाहीतर नायक आधीच मेलेला असतो. दर वर्षी इतके नायक आधीच मेलेले निघतात की चहा नेमका कोण करतं हा मला प्रश्न पडतो.

नायकाला वडील असतात. वडिलांचं काम हॉस्टेलमधलाच कुणीतरी करतो, वय वर्षे एकवीस, आणि म्हातारपण येतं ते टाल्कम पावडरीतून. यंदाच्या एका फिल्ममध्ये शेवटी बापलेकांचा समेट होतो. मुलगा कडकडून मिठी मारतो, मिठी सुटते, आणि मुलाच्या काळ्या टी-शर्टच्या खांद्यावर पांढराशुभ्र ढग उरतो. वडील एका मिठीत दहा वर्षांनी तरुण झालेले. मी फिल्म थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली. पुन्हा तोच ढग. मी काही बोलायच्या आत दिग्दर्शक म्हणाला, "सर, ते मुद्दाम आहे. पिढीचं ओझं ट्रान्सफर होतंय."

यावर तुम्ही काय बोलणार? कारण वाचन म्हणून ते वाईट नाहीच. खरी पंचाईत तिथेच आहे. वाईट फिल्मला लागू पडणार नाही असा एकही सिद्धांत आजवर कुणी मांडलेला नाही. ख्रिस्तियाँ मेत्झ या फ्रेंच सिद्धांतकाराने सिनेमा अर्थ कसा घडवतो हे शोधण्यात हयात घालवली. पण टाल्कम पावडरही अर्थ घडवतेच. सिद्धांत अर्थ कसा तयार होतो ते सांगतो, फिल्म बरी आहे का ते सांगत नाही. आणि मला गुण तर बरेपणाचे द्यायचे असतात.

कुलेशोव्हचंच घ्या. रशियात १९२०च्या आसपास दिग्दर्शक लेव कुलेशोव्हने मोझुखिन नावाच्या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा घेतला आणि तो आळीपाळीने सूपच्या वाटीला, शवपेटीला आणि दिवाणावर रेललेल्या बाईला जोडला. (तिसऱ्या तुकड्याबद्दल वेगवेगळी कथनं आहेत, मुलं परीक्षेत त्यातलं सोयीचं लिहितात.) प्रेक्षकांना म्हणे त्या एकाच चेहऱ्यावर भूक, शोक आणि अभिलाषा असं सगळं दिसलं. अर्थ चेहऱ्यात नसतो, दोन शॉट्सच्या जोडणीत असतो. वर्गात हे सांगितलं की पोरांचे डोळे लकाकतात. अर्थ जोडणीत असेल तर अभिनयाची कटकटच संपली!

एका गटाने हा प्रयोग जसाच्या तसा केला. हॉस्टेलमधल्या मित्राचा चेहरा, मग वडापाव. तोच चेहरा, मग हार घातलेला आजीचा फोटो. तोच चेहरा, मग पायऱ्या उतरणारी मुलगी. मी मन लावून पाहिलं, शंभर वर्षांपूर्वीच्या त्या प्रेक्षकांइतक्याच निरागसपणे. पण शूटिंग दुपारी दोनला, डबे यायच्या आधी झालेलं असावं. तिन्ही ठिकाणी तो वडापावकडेच बघत होता. आजीच्या फोटोकडे तर फारच. कुलेशोव्हला खोटं पाडणारा हा जगातला पहिला पुरावा असेल, पण पोरांना त्याची कदर नव्हती. त्यांनी रिपोर्टमध्ये 'इफेक्ट यशस्वी' असं लिहिलेलं होतं.

बाझँच्या नावावर तर काहीही खपतं. आंद्रे बाझँ या फ्रेंच चित्रपट-समीक्षकाचं म्हणणं साधं होतं : उगाच कापाकापी करू नका, प्रसंग आपल्या वेळेने उलगडू द्या, चौकटीत कुठे बघायचं ते प्रेक्षकाला ठरवू द्या. एका पोराने हॉस्टेलचा पंखा दाखवला. शॉट कापलाच नाही. नजर कुठे फिरवायची ते मला ठरवायचं होतं हे खरं, पण पंख्याला पाती तीनच. मी तिन्ही पाहून घेतली. शेवटी फ्रेमबाहेरून आवाज आला, "अरे, रेकॉर्डिंग चालूच आहे का?" रिपोर्टमध्ये या वाक्याला 'वास्तवाचा हस्तक्षेप' म्हटलं होतं.

ब्रिटिश सिद्धांतकार लॉरा मल्व्ही मात्र सर्वांत लोकप्रिय. १९७५ साली 'स्क्रीन' या नियतकालिकात आलेला तिचा तो लेख म्हणजे आमच्याकडे आहेरातला लेमन सेट झालाय : याच्या रिपोर्टमधून त्याच्या रिपोर्टमध्ये जातो, वरचा सेलोफेन कुणी काढत नाही. मल्व्ही तीन नजरा सांगते : कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पडद्यावरच्या पात्रांची एकमेकांकडे. हॉलीवूडच्या सिनेमात या तिन्ही मिळून पुरुष बघणारा आणि बाई बघितली जाणारी अशी वाटणी कशी करतात, हा तिचा मुद्दा. यंदा एका गटाने लिहिलं : 'आमच्या फिल्ममध्ये स्त्री पात्रच नाही, त्यामुळे पुरुषी नजरेला आम्ही ठाम नकार दिला आहे.'

"मग झेड ब्रिजवर ओढणी घेऊन पाठमोरं कोण उभंय?" मी विचारलं.

"तो आमचा कॅमेरामन आहे सर. मुलगी तयारच होईना कुणी."

"आणि कॅमेरा कुणाकडे होता?"

"ट्रायपॉडवर." थोडा विचार करून तो म्हणाला, "म्हणजे सर, कॅमेऱ्याची नजर पण वजा. फक्त तुमचीच राहिली."

तेवढ्यात दुसऱ्याने अमेरिकन विचारवंत जुडिथ बटलर काढली. तिच्या मते लिंगभाव हा मुळात वागण्यातून, पुन्हा पुन्हा करून घडतो. मग ओढणी कुणीही घेतली तरी काय बिघडलं? मला फाळके आठवले. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांनाही तारामती मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच होते. फाळक्यांना बटलर माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण त्यांना २० पैकी गुणही कुणी देणार नव्हतं. हे मी पोरांना सांगितलं मात्र, दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये 'फाळके परंपरा' असा नवा परिच्छेद हजर. तेव्हापासून व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मी शक्यतो काही शिकवत नाही.

व्हायवात लेखक कोण हे विचारण्यातही अर्थ नाही. एका फिल्ममध्ये मरणासन्न माणूस बायकोला म्हणतो, "काळजी घे, मी निघतो, टेक केअर." हा संवाद कुणी लिहिला? चौघं एकमेकांकडे बघू लागली. मग त्यातली धीट मुलगी म्हणाली, "सर, बार्थ म्हणतो लेखक मेलाय." रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९६७मध्ये एका निबंधात लेखकाला मारलं ते वाचकाचा जन्म व्हावा म्हणून. ग्रुप प्रोजेक्टमध्ये कुणाच्या अंगाला काही लागू नये हा उपयोग त्याच्या डोक्यात असेल असं वाटत नाही.

एआयने लिहून दिलेले रिपोर्ट वेगळेच. त्यांची भाषा इतकी सफाईदार की आपलंच काहीतरी शिकायचं राहून गेलं असं वाटतं. अशा एका रिपोर्टमध्ये 'आईच्या अश्रूंचा क्लोजअप' यावर सुंदर पानभर मजकूर होता. फिल्ममध्ये आई नव्हती. विचारलं तर म्हणे, "एडिटमध्ये गेली सर."

आणि लाल पडदा! एडिटिंग केलेलं कुणीही ओळखेल : फुटेजची फाइल हलली किंवा हार्डडिस्क घरी राहिली की टाइमलाइनवर त्या जागी लाल पाटी येते, 'मीडिया ऑफलाइन', तेही जगातल्या अनेक भाषांमध्ये. तशीच एक्सपोर्ट केली तर ती फिल्ममध्ये जाते. ऐन भांडणाच्या प्रसंगात नवरा हात उगारतो आणि धाड्‌कन लाल पाटी. वर्गात शांतता. मी दिग्दर्शकाकडे पाहिलं. तोही ती पाटी माझ्याबरोबर पहिल्यांदाच बघत होता हे त्याच्या उघड्या तोंडावरून दिसत होतं. पण तोंड मिटताच तो म्हणाला, "ब्रेख्त." या जर्मन नाटककाराचं म्हणणं, प्रेक्षक गोष्टीत वाहून जाऊ लागला की त्याला हलवून जागं करायचं, आपण प्रयोग बघतोय याचं भान द्यायचं. मला भान आलं होतं यात शंका नाही. मी त्याला वीसपैकी चौदा दिले. दोन सेकंदांत ब्रेख्त सुचणं ही साधी गोष्ट नाही.

एरवी माझं मूल्यमापन माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉलच्या पद्धतीने चालतं. हॉलने १९७३मध्ये सांगून ठेवलंय की पाठवणाऱ्याने संदेशात भरलेला अर्थ घेणारा तीन तऱ्हांनी उकलतो : जसाच्या तसा स्वीकारून, थोडं मानून थोडं नाकारून, किंवा सरळ विरोधात जाऊन. जसाच्या तसा स्वीकारला तर सगळ्यांना अठरा. विरोधात गेलो तर निकालाची टक्केवारी घसरते आणि एचओडी बोलावून चहा पाजतात. म्हणून मधला मार्ग.

यंदा एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, म्हणून आले ते निवृत्त प्राध्यापक, हयात नाट्यशास्त्रात गेलेली. मल्व्ही-बिल्व्ही त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. फिल्म होती वडिलांच्या मृत्यूवरची : फ्लॅट, खिडकी, करडा उजेड, जमिनीवर बसलेला मुलगा. पण डक्टमध्ये पारवे. संपूर्ण शोकप्रसंगावर घुटर्र-घूं, घुटर्र-घूं. मुलगा हुंदका देतो, पारवा उत्तर देतो. मागच्या बाकावरची पोरं रुमाल तोंडात कोंबून बसलेली.

"रस कोणता?" सरांनी विचारलं.

"डार्क, सर."

"नाट्यशास्त्रात भरतमुनींनी आठ सांगितलेत. त्यात डार्क नाही."

पोरगा गप्प. सरांना दया आली असावी. त्यांनी डोळे मिटून 'श्यामो भवति शृङ्गारः' सुरू केलं आणि एकेका रसाचा रंग उलगडला : शृंगार श्याम, हास्य पांढरा, रौद्र तांबडा, वीर गौर, अद्भुत पिवळा, बीभत्स निळा, भयानक काळा. "आणि करुण," ते डोळे उघडून म्हणाले, "करुण कपोत. म्हणजे पारव्याच्या रंगाचा."

पोराच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते मी वर्षानुवर्षं ओळखतो. मी खुर्चीत मागे टेकलो.

"सर, तेच तर! पारवे मुद्दाम ठेवलेत. कलर ग्रेडिंग पण कपोत, साउंड डिझाइन पण कपोत."

एक्स्टर्नल सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "पुन्हा लावा बरं." आम्ही तो प्रसंग पुन्हा पाहिला, पारव्यांसकट. सरांनी माझ्या हातातला गुणांचा कागद घेतला आणि त्या रकान्यात स्वतःच्या हाताने १९ लिहिले. वर मला विचारलं, एक गुण कापला तो चालेल ना?

पोरगा दारापर्यंत गेला, परत आला.

"सर, हे रिपोर्टमध्ये टाकतो. फक्त एक डाउट आहे. संदर्भसूचीत आडनाव आधी लिहायचं असतं ना? मग 'मुनी, भरत' असं लिहू?"