डिकीतलं घर

म्हैसूरला जायचं ठरलं तेव्हाच मी घरात सांगून ठेवलं होतं, माणशी एक बॅग, बास. बेळगावातनं बेंगळुरूच पाचशे किलोमीटर, म्हैसूर त्याच्याही पुढं, गाडी पाच जणांची आणि आम्ही बरोबर पाच. आई म्हणाली, "होय की." आमच्याकडं "होय की" म्हणजे तू बोल, आम्ही करायचं तेच करतो.

पहाटे चारला निघायचं होतं, साडेसहाला मी अजून डिकीपुढंच. शेंगाचटणीचा डबा, फडक्यात बांधलेली कडक भाकऱ्यांची चळत, वीस लिटरचा पाण्याचा कॅन, कारण बेळगावच्या राकसकोप धरणाच्या पाण्याशिवाय बाबांचं पोट साफ होत नाही, बायकोची उशी (हॉटेलच्या उशीनं तिची मान धरते) आणि धारवाडी पेढ्याचा बॉक्स. अहो, दीड तासात धारवाडच लागतंय! तर आई म्हणते, "तिथं गाडी थांबवतोस काय तू?" यावर मी गप्प. खरंच थांबवत नाही.

शेवटी आली वाकळ. आज्जीच्या लुगड्यांची, एका कडेला इरकलीचा काठ अजून लालभडक, वजन तीन वर्षांच्या पोराएवढं. हॉटेलात ब्लँकेट असतंय म्हटलं तर "ते कुणी कुणी पांघरलेलं असतंय". मग मी डिकी पाठीनं रेटून बंद केली.

हावेरीच्या पुढं टायर पंक्चर. आणि स्टेपनी कुठं, तर डिकीच्या तळाला, मॅटच्या खाली. म्हणजे आख्खं घर उतरवा. रस्त्याकडेला वाकळ अंथरली, तिच्यावर डबे, उशी, कॅन, चहाचं पातेलं, स्टोव्ह (हा कुणी घातला देवाला ठाऊक, तिघंही मान हलवत होते), मी घामाघूम होऊन जॅक फिरवतोय, बाबा झाडाखाली भाकरी मोडून खातायत, तेवढ्यात एक टमटम थांबली, दोन बायका उतरल्या, सगळ्या मालावरनं नजर फिरवली आणि एकीनं वाकळेचा कोपरा बोटांत धरून टाके बघितले.

"एष्टु री?" म्हणजे केवढ्याला, कानडीत.

मी उठून "माराटक्क इल्ल री", विकायचं नाही, म्हणेपर्यंत आई पुढं. "साविर!" हजार!

"आई, विकतेस काय?"

"विकतंय कोण? मोल तरी कळू दे की तिला."

बाईनं वाकळ परत एकदा चाचपली आणि "ऐनूर" म्हणाली. पाचशे.

दावणगेरे येईपर्यंत आई कुणाशी बोलली नाही.