आंबा नासका की अढीच?

बँकेचा कुठलाही घोटाळा बाहेर आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मजकूर फिरू लागतो. अढीत एखादा आंबा नासका निघायचाच, तो उचलून फेका. प्रामाणिकपणा घरच्या संस्कारांतून येतो, तो बँक कुठून शिकवणार? बाकी नियम कडक करा, म्हणजे झालं. बँकेत उभी नोकरी काढल्यावर यातलं एकही वाक्य मला पटत नाही.

आधी नासका आंबा. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत ग्राहकांच्या नकळत खाती उघडली जात होती. २०१६ मध्ये हे उघडकीस आलं, तेव्हा बँकेने पाच वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचारी काढल्याचं सांगितलं. एकेका ग्राहकाला बँकेच्या आठ-आठ योजना विकायच्या, हे तिथलं टार्गेट. एवढे आंबे नासतात तेव्हा अढी कुणी लावली, हे विचारायलाच हवं. गैरप्रकाराची तक्रार केल्यावर नोकरी गेलेल्या एका व्यवस्थापकाला परत घ्या, असा आदेश तिथल्या कामगार खात्याला २०१७ मध्ये काढावा लागला.

नियमांचं म्हणाल, तर पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेत नियमांची वाण नव्हती. ग्राहकाच्या कर्जाची परदेशी बँकांना हमी देणारे संदेश स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आपसातल्या संदेश-यंत्रणेवरून जात आणि कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या हिशेबाच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंदच होत नसे. स्विफ्टच्या गैरवापराबद्दल ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा सावध केल्याचं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं आहे. बदलीचे नियम असूनही हे संदेश पाठवणारा अधिकारी वर्षानुवर्षं त्याच टेबलावर राहिला. २०१७ मध्ये तो निवृत्त झाला, जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या जागी आलेल्या माणसाने हमीसाठी ग्राहकाकडे पूर्ण मार्जिन, म्हणजे हमीइतकी रक्कम आधी जमा करायला मागितली आणि १३,००० कोटींहून मोठं प्रकरण उलगडलं.

असं का होतं, ते मी रोज पाहत होते. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून पास करायची, हा मेकर-चेकरचा नियम. काउंटरपुढे रांग लागली की, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, त्यांचा पासवर्ड टाक ना.’ कागदावर माणसं दोन, बोटं एकाचीच. ‘मी नाही टाकणार’ म्हणणाऱ्याला ‘काम अडवणारा’ ठरवलं जायचं. इथे आणखी एक परिपत्रक काढून काय होणार?

संस्कारांचा मुद्दा मुद्दाम शेवटी घेतला, कारण तो मला सर्वांत जास्त लागतो. शेजारच्या काउंटरवर नवी लागलेली मुलगी होती. ग्राहकाचे दहा रुपये राहिले म्हणून त्याच्यामागे भर उन्हात रस्त्यापर्यंत धावलेली मी तिला पाहिली आहे. मार्च होता, विम्याचं टार्गेट अपुरं होतं, रोज संध्याकाळी विभागीय कार्यालयाचा फोन यायचा: ‘आज किती?’ एक निवृत्त गुरुजी मुदत संपलेल्या ठेवीची पावती घेऊन आले. ‘काका, यात जास्त मिळेल,’ म्हणत तिने विम्याचा फॉर्म पुढे केला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या आधीच मारलेल्या. गुरुजींनी चष्मा सारखा करत एकेका फुलीवर सावकाश सही केली. मी ऐकत होते आणि गप्प बसले, ती बोच अजून आहे. पुढच्या मार्चला ते परत आले. ‘हप्ता कसला, बाई? मी तर ठेव ठेवली होती.’

त्या मुलीचे संस्कार वर्षभरात बदलले नव्हते. फॉर्मवर सही झाली त्या संध्याकाळी विभागीय कार्यालयाने फोनवर तिचं नाव घेऊन कौतुक केलं, आणि सगळ्या शाखेने ते ऐकलं. दहा रुपये परत करायला ती धावली, त्या दिवशी कुणाचाही फोन आला नव्हता.