दीड दिवसाचा गणपती, भाड्याच्या खोलीत

गणपतीत घरी जाता न येणाऱ्या समलिंगी मुलामुलींबद्दलचा लेख वाचला. शेवटी लेखक म्हणतात, ज्या देवाच्या नावाखाली घर तुटलं त्याला सोडून द्यावं. इथे माझं जमत नाही.

समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा कलम ३७७चा सुप्रीम कोर्टाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८चा. गणपती आठवड्यावर आले होते. त्याच उत्साहात मी समलिंगी असल्याचं बाबांना सांगून टाकलं (घाईच केली म्हणा!). तेव्हापासून चिपळूणची एसटी पकडलेली नाही. पहिल्या वर्षी आरतीच्या वेळी फोन बंद करून झोपून राहिलो. शेजारच्या टाळांचा आवाज मात्र भिंतीतून यायचाच.

पुढच्या वर्षी वीतभर शाडूची मूर्ती आणली. पूजा येईल तशी केली. मोदक फुटले. आम्ही पाच जण होतो, त्यातली एक तृतीयपंथी मैत्रीण. तिचा आवाज खडा, आरती तिनेच उचलून धरली. विसर्जन बादलीत, माती कुंडीतल्या तुळशीला. आत्या अजूनही गुपचूप मोदकाचं पीठ पाठवते, बाबांना माहीत असावं असा मला संशय आहे.

आणि देव कुणाचा म्हणायचा? पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेरच आहे. ज्यांना जातीमुळे देवळात घेतलं नाही त्यांनीच विठ्ठलाला माउली म्हणून हाक मारली. मला तेवढा आधार पुरतो. ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल सोडावा, पण सगळ्यांच्या वतीने सोडू नये.

यंदाही मूर्ती सांगून ठेवली आहे. पुण्यात एकटं कुणी असेल तर मोदक जास्तीचे करतोय, फुटले तरी चवीला बरे असतात.