कात्रीना जोडीच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, हरकत नाही, पण बाकीच्यांचा गैरसमज नको म्हणून इथेच लिहिते. तुमचं म्हणणं असं की कात्रीनांच्या, म्हणजे टोपी-झग्यातल्या सांगाडा-बाहुल्यांच्या, जोडीतल्या दोघी सारख्या नाहीत, अशीच बाहुली ऑनलाइन ८०० ला मिळते, आणि हॅलोविनचा सांगाडा ऐन दिवाळीत घरात आणला म्हणून सासूबाई चिडल्या.

सारख्या नाहीत हे खरंय, आणि नसणारच. या मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातल्या कापुला गावच्या मातीच्या कात्रीना, तिथे हुआन तोरेस या चित्रकारानं १९८० च्या दशकात हे काम सुरू केलं आणि आता गावातली कितीतरी घरं त्यावरच चालतात. फासळ्या, बोटं, झग्यावरची फुलं सगळं हातानं वळून एकेक करून चिकटवतात, मग भाजतात, मग रंगवतात, त्यामुळे एकीची मान जरा कललेली आणि दुसरीची बोटं जाड असं होतंच. लिस्टिंगमध्ये दोघींचे वेगवेगळे फोटो आहेत की!

८०० वाली मीही बघितलीय. रेझिनची आहे ती, साच्यातली. नीट बघा, कडेनं जोडाची रेघ दिसेल आणि बोटं सगळी एकमेकांना चिकटलेली. तुमच्याकडची उजेडात धरा, बोटांच्या फटीतून पलीकडचं दिसतं. स्वस्तातली आवडली तर खुशाल घ्या, पण दोन्हीचा भाव एका तराजूत नका तोलू.

आणि हॅलोविनचा काही संबंध नाही हो. मेक्सिकोतल्या पोसादा या चित्रकारानं युरोपियन फॅशन मिरवणाऱ्या आपल्याच देशातल्या लोकांची टिंगल म्हणून १९१० च्या सुमारास ही टोपीवाली कवटी काढली, तिला अंगभर झगा मिळाला तो तिथल्याच दिएगो रिवेरा या चित्रकाराच्या १९४७ च्या भित्तिचित्रात. आता ती तिकडच्या ‘मृतांच्या दिवसा’ची खूण आहे; त्या सणाला, १ आणि २ नोव्हेंबरला, आपली वारलेली माणसं घरी येतात असं तिकडे मानतात, त्यांच्या आवडीचं खायला मांडतात, झेंडूची आरास करतात (आपला दसऱ्याचा झेंडू मूळचा तिकडचाच बरं का). सासूबाईंना पितृपक्षाचं उदाहरण देऊन बघा. तरीही घरात नको वाटत असेल तर राहिलं, त्यात वाद घालणार नाही.

परत करायची असेल तर १० दिवसांत पाठवा, पैसे पूर्ण मिळतील. फक्त आमच्याच खोक्यात, भुसा भरून, आणि उचलताना टोपीला धरू नका, पिसं नुसत्या तारेवर आहेत.